चर्चगेटचे चर्च आणि रामा कामत

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर दररोज लक्षावधी प्रवासी चढउतार करतात. परंतु हे नाव ज्या चर्चवरून आले, ते त्यांतील फारच थोड्यांनी पाहिले असेल. स्थानकासमोरील वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालत गेल्यास हुतात्मा चौक लागतो. पूर्वी तेथेच किल्ल्याच्या तटाचा पश्चिम दरवाजा होता. १८६० च्या दशकात तट पाडला गेला, दरवाजाही गेला. नाव तेवढे मागे उरले. तेथून पुढे, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, सेंट थॉमस कॅथीड्रल उभे आहे.

या वास्तूचा आरंभ रखडलेल्या सरकारी कामासारखाच झाला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या पुढाकाराने १६७० च्या दशकात पाया घातला गेला. १६७७ मध्ये ते निवर्तले आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने वर्गणी गोळा करून काम पुरे करविले. २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितीत चर्च उपासनेसाठी खुले झाले.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बून यांचे आरमार खांदेरीवर चालून गेले होते आणि कान्होजी आंग्रे यांच्या लोकांनी ते परतवून लावले होते. त्याआधी विजयदुर्गावरील मोहीमही फसली होती. मुंबईभोवतीचा तट याच बून यांच्या कारकिर्दीत उभा राहिला, आणि त्यामागे आंग्र्यांचे भय होतेच. म्हणजे ज्या तटातील दरवाजाला चर्चचे नाव मिळाले, त्या तटाच्या इतिहासात कान्होजींचाही वाटा आहे.

उद्घाटनाच्या दिवशीची एक नोंद कॉब यांनी लिहून ठेवली आहे. रामा कामत नावाचे एक धनाढ्य शेणवी गृहस्थ आपल्या ज्ञातिबांधवांसह तेथे आले होते आणि उपासनेची शिस्त पाहून, ती संपेपर्यंत बाहेर उभे राहिले होते. इंग्रजी दप्तरांत ज्यांचा उल्लेख रामा कामाटी असा येतो, ते हेच. १७१५ मध्ये वाळकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणारेही तेच. कंपनीशी त्यांचे संबंध जुने आणि विश्वासाचे होते.

हा विश्वास पुढे दोन वर्षेही टिकला नाही. १७२० मध्ये आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. ते दोषी ठरले, मालमत्ता जप्त झाली आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. ज्या पत्रांच्या आधारे हा निकाल झाला ती बनावट होती, असे पुढे इतिहासकारांनी दाखवून दिले. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस या प्रकरणाची विशेष खंत वाटते. दप्तरातील कागद खोटा असला, तरी त्यावर झालेली शिक्षा खरी असते.

चर्चचे दैव मात्र उजळत गेले. १८३७ मध्ये टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला; लवकरच मनोरा आणि घड्याळ आले. मुंबई बेटावरील मैलाच्या दगडांचे अंतर याच वास्तूपासून मोजलेले होते. त्यांतील काही दगड आजही आढळतात.

आत भिंतीभर संगमरवरी स्मारके आहेत. १८०८ मध्ये फ्रेंच युद्धनौकेशी लढताना पडलेले कॅप्टन हार्डिंज, हेरातचे एल्ड्रेड पॉटिंजर, १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन अशी कितीतरी नावे तेथे वाचावयास मिळतात. काशी आणि काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचे श्रेय डंकन यांना त्यांच्या स्मारकावर दिले आहे, आणि ते गौण नव्हे. परक्या सत्तेची म्हणून ही स्मारके नजरेआड करावीत, असे आम्हांस वाटत नाही. तथापि ती वाचताना, मृत्यूनंतर कोणाचे नाव कोरले गेले आणि कोणाचे नाही, हा प्रश्न मनात जागा ठेवला पाहिजे.

१९७० पासून हे कॅथीड्रल चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या अखत्यारीत आहे. त्याच्या जतनकार्याला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला. दगड, काच आणि छत यांची निगा उत्तम राखली गेली, याचा आनंद आहेच. पण वारसा म्हणजे केवळ वास्तू नव्हे. तिच्या दाराशी उभी राहिलेली माणसेही त्यात येतात. मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी सवड काढून हे चर्च अवश्य पाहावे. आत डंकन यांचे स्मारक वाचावे आणि बाहेर पडताना, त्या नाताळच्या दिवशी तेथे आदराने उभ्या राहिलेल्या रामा कामतांचेही स्मरण करावे.