ट्रॅक्टर सेल्फ घेईना? नवी बॅटरी आणण्याआधी वायरिंग अशी तपासा

ओझर : ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीच्या धास्तीने पहाटेच ब्लोअर काढावा लागतो. नेमकं त्याच दिवशी चावी फिरवली की नुसता ‘कट्’ आवाज येतो. बॅटरी गेली असं समजून नवी आणली जाते, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. कारण बऱ्याचदा दोष बॅटरीत नसतोच, तो वायरच्या जोडात असतो. साधा मल्टीमीटर आणि अर्धा तास वेळ असेल तर हा दोष घरीच सापडतो.

जोडच का खराब होतात?

घरात २३० व्होल्ट असतात, ट्रॅक्टरवर फक्त १२. त्यामुळे ६० वॅटचा दिवा घरी पाव अँपिअर घेतो, तोच ट्रॅक्टरवर ५ अँपिअर घेतो. सेल्फ तर २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. एवढ्या करंटला जोडात नुसता ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि सेल्फला जोर मिळत नाही.

समुद्रातल्या छोट्या बोटीच्या वायरिंगचं खारं पाणी जे करतं, तेच द्राक्षपट्ट्यात फवारणीचं औषध करतं. बोर्डो मिश्रणातला मोरचूद लोखंडाला खातो. ब्लोअरचा फवारा बॅटरीच्या पेटीवर, अर्थिंगच्या बोल्टवर, मागच्या सॉकेटवर बसतो. त्यात शेडमधले उंदीर आणि इंजिनचे हादरे आहेतच.

तपासणी या क्रमाने करा

१. बॅटरी : ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ किंवा त्याखाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं तपासा. बॅटरी पाण्याची असेल तर पातळी बघा, कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

२. सेल्फ मारताना : गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरा आणि सीटवर बसलेल्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. मीटर धरणाऱ्याने चाकापुढे किंवा चाकामागे उभं राहू नये. आकडा ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जाम आहे. आकडा ११ च्या वर राहिला आणि तरी सेल्फ फिरत नसेल तर बॅटरी ठीक आहे, दोष पुढे आहे.

३. अर्थिंग : मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. अशीच तपासणी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट अशी करा. कुठे व्होल्ट अडतात ते मीटर दाखवतो, अंदाज करावा लागत नाही.

४. चार्जिंग : इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले पाहिजेत. आकडा १२.५ च्या आसपासच थांबला तर पट्टा ढिला आहे का बघा. पट्टा ठीक असेल तर अल्टरनेटर किंवा डायनामो दाखवून घ्या. १५ च्या वर आकडा गेला तर बॅटरी उकळते, तेव्हाही उशीर करू नका.

जोड साफ कसे करायचे?

चावी बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा. जोडताना ती सगळ्यात शेवटी लावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्या जागी तार किंवा चांदी लावू नका. फ्यूज उडतो म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट होते आहे. तार लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

ट्रॉलीचे दिवे विसरू नका

टोमॅटो, द्राक्षं किंवा ऊस भरलेली ट्रॉली मुंबई–आग्रा महामार्गावर रात्री विनादिवा दिसते आणि मागून येणाऱ्या गाडीला ती कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रॉलीचा दोषही बहुतेक वेळा अर्थिंगचाच असतो. अनेक ट्रॉल्यांना अर्थिंग फक्त हुकच्या पिनमधून मिळतं, तिथे गंज आणि ग्रीस. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा सगळेच दिवे मंद होतात, ही त्याची खूण. उपाय सोपा : सॉकेटमधून अर्थिंगची वेगळी वायर ट्रॉलीच्या दिव्यांपर्यंत न्या. लाल रिफ्लेक्टर पट्टी तर लावाच, पण ती दिव्याची जागा घेत नाही.

हे कधीच करू नका

सेल्फ घेईना म्हणून खाली उभं राहून सेल्फच्या बोल्टांना पाना टेकवून इंजिन चालू करण्याची सवय अनेकांना आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर सुरू होताच तो पुढे सरकतो आणि माणूस मागच्या चाकाखाली जातो. फवारणी एक दिवस पुढे गेली तर चालेल.

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली जातो. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेल्या ऑईलमुळे सेल्फला जास्त जोर लागतो. पावसाळ्यात झाकून गेलेला खराब जोड तेव्हा उघडा पडतो. म्हणून छाटणीआधी एकदा आणि थंडी पडण्याआधी एकदा ही तपासणी करून घ्या. वायरचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं किंवा जळका वास आला तर मात्र बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा.