शस्त्रक्रियेनंतरची छाती

पोटाची शस्त्रक्रिया नीट पार पडते, घरची मंडळी निःश्वास टाकतात. आणि दुसऱ्या दिवशी रोग्याला ताप चढतो, धाप लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे पाहिले असेल. पूर्वी अशा वेळी ईथरवर खापर फोडून ‘न्यूमोनिया’ म्हणत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील विल्यम पाश्चर (हे लुई पाश्चर नव्हेत!) यांनी १९०८ च्या व्याख्यानात आणि १९१० च्या लेखात दाखविले की, यांतील कित्येकांचे फुप्फुस हवेअभावी मिटलेले असते.

ते ओळखावे कसे? छातीवर बोटांनी ठोकण्याची युक्ती व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मध्येच सांगितली होती. पण पाणी साचो, न्यूमोनिया होवो की फुप्फुस मिटो, आवाज बद्दच. पाश्चरांनी हृदयाचा ठोका कोठे लागतो ते चाचपले. पुष्कळ पाणी हृदयाला निरोगी बाजूकडे ढकलते, न्यूमोनियात ते बहुधा जागचे हलत नाही. मिटलेले फुप्फुस मात्र त्याला आपल्याकडे ओढते.

कारण त्यांनी श्वासपटलाच्या दुबळेपणात शोधले. अडकलेल्या कफाचा मोठा वाटा पुढे ध्यानात आला. म्हणूनच टाके दुखत असताही परिचारिका आपल्याला उठवून बसवितात, खोकायला लावतात, आणि आपण त्यांच्यावर रागावतो.