बॅडमिंटनचे घोडे : तीन दिवसांची कसोटी, पाऊण शतकाची परंपरा

बॅडमिंटन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रॅकेट आणि फूल येते. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी जो खेळ खेळत आणि ज्याला एकेकाळी 'पूना' या नावानेही ओळखले जाई, त्याला पुढे इंग्लंडमधील एका वाड्याचे नाव चिकटले. तो वाडा म्हणजे ग्लॉस्टरशायर परगण्यातील बॅडमिंटन हाऊस, ब्यूफर्टच्या ड्यूक घराण्याचे निवासस्थान. जगभरच्या अश्वप्रेमींना मात्र हे नाव ऐकून फूल नव्हे, घोडा आठवतो. या वाड्याभोवतीच्या विस्तीर्ण उद्यानात १९४९ पासून भरणारी 'बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्स' ही 'इव्हेंटिंग' या क्रीडाप्रकारातील सर्वांत मानाची स्पर्धा समजली जाते. क्रिकेटमध्ये लॉर्ड्‌स आणि टेनिसमध्ये विम्बल्डन यांना जे स्थान आहे, ते इव्हेंटिंगमध्ये बॅडमिंटनला आहे.

इव्हेंटिंगचे मूळ घोडदळात आहे. अधिकाऱ्याचा घोडा संचलनात आज्ञाधारक हवा, रणभूमीवर ओढे-कुंपणे ओलांडणारा आणि दमदार हवा, आणि इतके करून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहणारा हवा. या तीन अपेक्षांतून तीन परीक्षा तयार झाल्या. पहिली ड्रेसाज : ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आखाड्यात ठरवून दिलेल्या चालींचे प्रदर्शन. दुसरी क्रॉस कंट्री : मोकळ्या रानातून, भक्कम अडथळ्यांवरून सुमारे साडेसहा किलोमीटरची दौड. तिसरी शो जंपिंग : स्पर्श होताच खाली पडणाऱ्या रंगीत दांड्यांवरून उड्या. तिन्ही परीक्षा त्याच स्वाराने त्याच घोड्यावर द्यायच्या. घोडा बदलण्याची सोय नाही.

या स्पर्धेच्या जन्माला एक पराभव कारणीभूत ठरला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील इव्हेंटिंग आल्डरशॉट येथे झाले. यजमान ब्रिटनची त्यात निराशा झाली. ती पाहणारे दहावे ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांनी पुढील ऑलिंपिकसाठी ब्रिटिश स्वारांना सराव मिळावा म्हणून स्वतःची जमीन देऊ केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४९ मध्ये, पहिली स्पर्धा झाली. ब्रिटन आणि आयर्लंडचे २२ घोडे त्यात उतरले आणि जॉन शेडन यांनी 'गोल्डन विलो'वर ती जिंकली. ड्यूकचा हिशेब सात वर्षांनी जमला. १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला झाले, तरी ऑस्ट्रेलियातील विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोममध्ये घ्याव्या लागल्या. तेथे ब्रिटनने इव्हेंटिंगचे सांघिक सुवर्णपदक पटकावले. त्या संघातील फ्रँक वेल्डन हे लष्करी अधिकारी आधी बॅडमिंटनचे विजेते होते. पुढे अनेक वर्षे तेच तेथील स्पर्धा-संचालक आणि मार्ग आखणारे झाले. आजही तेथील क्रॉस कंट्रीच्या मार्गावर त्यांच्या कल्पकतेची छाप असल्याचे जाणकार मानतात.

नव्या प्रेक्षकाला या खेळात सर्वांत आधी चकवते ती गुणपद्धती. येथे कोणी गुण मिळवत नाही, सारे गमावतात. सर्वांत कमी गमावणारा जिंकतो. ड्रेसाजमध्ये पंचांनी ७० टक्के गुण दिले, तर उरलेले ३० हे त्या जोडीचे दंडगुण. हा आकडा पाठीवर घेऊनच ती रानात उतरते. त्यानंतर तो कमी होण्याचा प्रश्नच नाही. फार तर आहे तेवढा राहील. क्रॉस कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला तर २० दंडगुण. त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा अडला तर आणखी ४०. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला ०.४. घोडा किंवा स्वार पडला तर स्पर्धा तेथेच संपली. शो जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांडीमागे ४.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की डावपेच उलगडू लागतात. रानात दहा सेकंद उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशीची एक दांडी पडल्याइतके नुकसान होते. एकदा अडणे म्हणजे पाच दांड्या. बहुतेक मोठ्या अडथळ्यांना एक सरळ, अवघड वाट असते आणि एक लांबची, सोपी. सोपी वाट घेतली तर सेकंद जातात, अवघड घेतली तर घोडा अडण्याचा धोका. मिनिटाला ५७० मीटर या वेगाने धावत असताना हा निर्णय स्वाराला क्षणार्धात घ्यावा लागतो. आणि घोड्याचे मत वेगळे पडले, तर घोड्याचेच खरे ठरते.

म्हणून ही स्पर्धा पाहायची तर क्रॉस कंट्रीच्या दिवशी पाहावी, असे जुने प्रेक्षक सांगतात. पूर्वी हातात छापील कार्यक्रमपत्रिका आणि कानावर ध्वनिक्षेपकाचा आवाज एवढ्यावर प्रेक्षक मार्ग पालथा घालत. पुढे बीबीसीच्या कॅमेऱ्यांनी हा थरार घरोघरी नेला. आज इंटरनेटवरून प्रत्येक जोडीची प्रत्येक उडी पाहता येते आणि गुणतक्ता सेकंदागणिक बदलताना दिसतो. तरीही मैदानावरची गर्दी ओसरलेली नाही. तळ्याच्या काठी प्रेक्षक सकाळपासून जागा धरून बसतात, कारण भिजलेला स्वार पाहण्याची हौस सर्वांनाच असते. चिखलाचे बूट, सोबत कुत्री आणि टोपलीत जेवण असा हा थाट जत्रेपेक्षा फार वेगळा नाही. मात्र खरे दर्दी तळे सोडून 'व्हिकरेज व्ही'कडे वळतात. येथे खंदकावर कोन साधून कुंपण घातलेले आहे. उडीचा कोन जरा चुकला की घोडा बाजूने निसटतो किंवा खंदकात उतरतो.

विजेत्यांची यादी चाळली तर तिच्यात सामाजिक इतिहासही सापडतो. लष्करी अधिकाऱ्यांसाठी जन्मलेली ही स्पर्धा १९५४ मध्ये मार्गारेट हाऊ यांनी जिंकली. तेव्हा ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना इव्हेंटिंगची दारे बंद होती. शीला विलकॉक्स यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे बॅडमिंटन जिंकले. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. हे बंधन उठायला १९६४ चे टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. १९६८ मध्ये 'अवर नॉबी' या लहान चणीच्या घोड्यावर बॅडमिंटन जिंकणाऱ्या जेन बुलेन रुग्णालयात परिचारिकेचे काम करीत. त्याच वर्षी मेक्सिकोत ब्रिटिश संघाने सुवर्ण मिळवले, त्या संघात त्या होत्या.

सर्वाधिक विजयांचा मान ल्युसिंडा ग्रीन यांच्याकडे आहे. १९७३ ते १९८४ या काळात त्यांनी सहा वेळा ही स्पर्धा जिंकली आणि सहाही वेळा घोडा निराळा होता. एका उत्तम घोड्याच्या जोरावर दोन-तीन वर्षे गाजवणारे स्वार पुष्कळ झाले. सहा वेगवेगळ्या स्वभावांच्या घोड्यांना या मार्गावरून नेणे ही गोष्ट वेगळीच. पण त्या सहापैकी दुसऱ्या विजयावर दुःखाची छाया आहे. १९७६ मध्ये 'वाइडअवेक'ने स्पर्धा जिंकली, बक्षीस समारंभ झाला आणि विजयफेरीच्या वेळीच तो घोडा कोसळून मरण पावला.

हा प्रसंग बॅडमिंटनच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो, कारण या खेळाचा अवघड प्रश्न त्यात उघडा पडतो. स्वार धोका पत्करून उतरतो. घोड्याला कोणी विचारलेले नसते. त्याच्या बाजूने बोलण्यासाठी जी व्यवस्था आहे, तिचे नाव अश्वतपासणी. स्पर्धेच्या आरंभी आणि पुन्हा शो जंपिंगपूर्वी वाड्यासमोर प्रत्येक घोड्याला पंच आणि पशुवैद्यक यांच्यापुढे हाताने धरून दुडक्या चालीने पळवले जाते. चाल किंचित लंगडी वाटली, तर त्याला बाजूला काढून पुन्हा तपासतात आणि समाधान न झाल्यास स्पर्धेबाहेर करतात. आघाडीवर असलेल्या जोडीलाही यात सवलत नाही. स्वार त्या दिवशी उत्तम कपडे घालून येतात आणि छायाचित्रकार त्यांच्या पोशाखांकडे वळतात. पण त्या काही सेकंदांत सारे लक्ष हवे ते चार पायांवर.

माणसांनीही मोठी किंमत मोजली आहे. क्रॉस कंट्रीचे अडथळे जमिनीत रोवलेले, न हलणारे असत. घोड्याचे पुढचे पाय वर अडकले की तो कोलांटी खाऊन स्वारावर पडे. १९९९ या एका वर्षात ब्रिटनमधील निरनिराळ्या इव्हेंटिंग स्पर्धांत पाच स्वारांचा मृत्यू झाला आणि हा खेळ मुळापासून हादरला. त्यानंतरच्या संशोधनातून ठरावीक दाबाखाली मोडणाऱ्या खिळी आणि पुढे सुटणाऱ्या क्लिपा आल्या. घोडा जोरात आदळला की ओंडका खाली येतो आणि कोलांटी टळते. अशी खीळ मोडली तर आता ११ दंडगुण लागतात. प्राण वाचवणाऱ्या साधनासाठी दंड कशाला, अशी तक्रार स्वारांमधून अधूनमधून होते. दंड नसेल तर अडथळ्याचा धाक उरणार नाही, असा त्यावरचा युक्तिवाद. दोन्हींत तथ्य आहे. दंडाचे पारडे अद्याप जड आहे.

दुसरा बदल त्याहून मोठा होता. जुन्या पद्धतीत क्रॉस कंट्रीच्या आधी घोड्याला कित्येक किलोमीटर रस्त्यांवरून दुडकत जावे लागे आणि मध्ये स्टीपलचेसची वेगवान दौडही असे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे टप्पे वगळले गेले. बॅडमिंटननेही २००५ नंतर ते सोडले. दमाची परीक्षा कमी झाली आणि तांत्रिक कौशल्याची वाढली. ड्रेसाज व शो जंपिंगमध्ये तरबेज असलेले घोडे पुढे येऊ लागले. 'आता हा तो खेळ उरला नाही' असे हळहळणारे जुने लोक आजही भेटतात. मात्र पावसाने मैदानाचा चिखल केला की बॅडमिंटनचा मार्ग दम काढायला विसरत नाही.

पावसाचे आणि या स्पर्धेचे तसेही जुने वैर. १९६६, १९८७ आणि २०१२ मध्ये पावसाळी हवेमुळे ती झालीच नाही, तर १९७५ मध्ये ड्रेसाज उरकल्यावर अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकत साथीने आणि २०२० व २०२१ मध्ये कोरोनाने तिच्यावर पाणी ओतले.

एवढे धोके माहीत असूनही स्वार परत परत येतात. न्यूझीलंडचे मार्क टॉड १९८० मध्ये पहिल्यांदा जिंकले. १९९५ मध्ये त्यांची एक रिकीब तुटली, तरी 'बर्टी ब्लंट'वर त्यांनी मार्गाचा मोठा भाग एकाच रिकिबीत पाय ठेवून पार केला. पुढच्या वर्षी त्याच घोड्यावर ते विजेते झाले. २००० नंतर निवृत्ती, मग पुनरागमन आणि २०११ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी चौथे विजेतेपद. त्यांचेच देशबांधव अँड्र्यू निकल्सन यांची मान २०१५ मधील अपघातात मोडली होती. कित्येक वर्षे हुलकावणी देणारे बॅडमिंटन त्यांनी २०१७ मध्ये १७ वर्षांच्या 'नेरेओ'वर जिंकले. तेव्हा त्यांचेही वय ५५ होते. लॉरा कोलेट यांची उजव्या डोळ्याची दृष्टी २०१३ च्या अपघातात गेली. अंतराचा अंदाज हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात त्यांनी २०२२ मध्ये 'लंडन ५२'वर विजय मिळवला.

भारतात हा खेळ दीर्घकाळ लष्करापुरता राहिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुवीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि भारताने सांघिक सुवर्णही पटकावले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी ३६ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये जाकार्तात बंगळुरूच्या फवाद मिर्झा यांनी 'सेनॉर मेडिकॉट'वर रौप्य मिळवले आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच घोड्यावर २३ वा क्रमांक पटकावला. भारतीय स्वाराला युरोपात राहून तयारी करावी लागते, घोडाही बहुधा तिकडेच मिळतो. बॅडमिंटनचे विजेतेपद आपल्यापासून अद्याप दूर आहे.

गेल्या काही वर्षांत बॅडमिंटनवर सर्वाधिक चर्चा झाली ती रोझलिंड कॅन्टर आणि 'लॉर्डशिप्स ग्राफालो' या जोडीची. २०२२ मध्ये दुसरा क्रमांक, २०२३ मध्ये चिखल तुडवत विजेतेपद, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्या संघात स्थान आणि २०२५ मध्ये बॅडमिंटनवर पुन्हा पहिला क्रमांक. गुणतक्त्यावर या घोड्याचे नाव असे भारदस्त झळकते. तबेल्यात मात्र त्याला सारे जण साधेपणाने 'वॉल्टर' म्हणतात.