संकलित
१७. संकलित : १ पासून लागोपाठच्या पूर्णांकांची बेरीज. 'लीलावती'तली (११५०) रीत अशी : शेवटच्या संख्येत १ मिळवून मूळ संख्येच्या निम्म्याने गुणावे, ९ पर्यंत ४५. तितके खडे त्रिकोणात मांडता येतात, म्हणून १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्या. अशा बेरजांची बेरीज ती 'संकलितैक्य' : ४५ ला ११ ने (९ अधिक २) गुणून ३ ने भागावे, १६५. गणिती गाऊसने शाळेत अशीच बेरीज केल्याची प्रसिद्ध गोष्ट 'लीलावती'च्या सहा शतके नंतरची. मजकुरातले मुनीश्वर (जन्म १६०३) 'लीलावती'चे टीकाकार. राहणे काशीस, पण घराणे विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पयोष्णी म्हणजे अमरावती-अकोल्याची पूर्णा, असे काही अभ्यासक मानतात. लेखकाने मुनीश्वरांचा 'आपले वऱ्हाडी' असा केलेला उल्लेख त्यामुळेच. – संपा.