पिपला वाटलेली लाज

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी त्याच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. केंट परगण्यातील दलदलीच्या मुलखात वाढलेला अनाथ पिप उतारवयाकडे झुकताना आपली कहाणी स्वतःच सांगतो. थोरली बहीण त्याला छडीच्या धाकात वाढवते. माया मिळते ती तिच्या नवऱ्याकडून, ज्यो गार्गरी या लोहाराकडून.

पिपच्या मनाला कीड लागली ती श्रीमंतीमुळे, असे सरसकट म्हटले जाते. ते खरे नाही. पैसा येण्याच्या कितीतरी आधी ती सॅटिस हाउसमध्ये लागते. लग्नाच्या दिवशीच फसवली गेलेली मिस हॅविशॅम तिथे सारी घड्याळे थांबवून, पिवळ्या पडलेल्या वधूवेषात बसलेली असते. तिची दत्तक मुलगी एस्टेला पत्ते खेळताना पिपच्या राठ हातांची आणि जाड बुटांची टर उडवते. तोवर त्या हातांत काही उणे आहे, हे पिपच्या ध्यानीमनीही नव्हते. मग घरची, भट्टीची, ज्योची लाज वाटू लागते. तो ज्योला पाटीवर धडे देऊ लागतो, तेही एस्टेलाने त्याला नावे ठेवू नयेत म्हणून.

पुढे जॅगर्स हा वकील वार्ता आणतो, की एका अज्ञात हितकर्त्याला पिपला ‘जंटलमन’ करायचे आहे. तो हितकर्ता म्हणजे मिस हॅविशॅमच, असे पिप गृहीत धरतो. लंडनमधील उंची कपडे आणि वाढती कर्जे यांचे वर्णन वाचनीय आहे, पण कादंबरीचे मर्म ज्योच्या भेटीत आहे. ज्यो येणार हे कळल्यावर, पैसे देऊन त्याला दूर ठेवता आले असते तर आपण खुशाल दिले असते, अशी कबुली पिप देतो. संकोचलेल्या ज्योची हॅट पुन्हा पुन्हा खाली पडते, तो मध्येच पिपला ‘सर’ म्हणतो, आणि पिप चिडतो. आपण मोकळे वागलो असतो तर ज्योही मोकळा झाला असता, हे त्याला फार उशिरा उमगते. त्यानंतर गावी गेल्यावरही तो ज्योच्या घरी न उतरता खाणावळीत उतरतो!

तेविसाव्या वर्षी एका वादळी रात्री खरा हितकर्ता दारात उभा राहतो. लहानपणी पिपने ज्याला कानस आणि अन्न चोरून दिले होते, तोच कैदी मॅगविच. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून जमवलेल्या त्याच्या पैशावरच हा ‘जंटलमन’ उभा होता. पिपला आधी त्याची किळस येते. पुढे खटल्याच्या वेळी मात्र तो त्याचा हात हातात धरून उभा असतो. मॅगविचची मालमत्ता सरकारजमा होते. आजारी पिपची शुश्रूषा ज्यो करतो, त्याचे कर्ज फेडतो आणि तो बरा होताच न बोलता निघून जातो.

डिकन्सला ही लाज ऐकीव नव्हती. १८२४ मध्ये वडील कर्जापायी तुरुंगात असताना बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबला होता, आणि ते त्याने जन्मभर लपवले. कादंबरीचा शेवट त्याने बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून बदलला. मूळचा उदास शेवट जॉन फॉर्स्टरने डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याच्या चरित्रात छापला.