‘बिलियन’ म्हणजे किती?

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघांत पालटतात, हें भाषेच्या कोणत्याहि अभ्यासकास नवें नाहीं. तथापि संख्यावाचक शब्द तरी या नियमास अपवाद असावेत, अशी आपली सर्वांची समजूत असते. पांच म्हणजे पांचच. त्यांत देशकालाचा संबंध काय? लहान संख्यांपुरती ही समजूत खरी आहे. ज्यांचा पडताळा बोटांवर किंवा नाण्यांच्या राशींत घेतां येतो, त्यांचीं नांवें स्थिर राहतात. पडताळ्याच्या पलीकडे गेलेलीं नांवें मात्र मोकाट सुटतात. आणि इंग्रजी ‘बिलियन’ हा शब्द तर असा मोकाट सुटला कीं, त्याच्या एका अर्थांत दुसरा अर्थ हजार वेळां मावावा!

हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. ‘मिलियन’ हा इटालियन भाषेंतला ‘मोठा हजार’, म्हणजे आपले दहा लाख. लियाँ येथील निकोला शुके यानें १४८४ सालीं लिहिलेल्या गणितग्रंथांत मिलियनची मिलियनपट ती बिलियन, तिची पुन्हां मिलियनपट ती ट्रिलियन, अशी शिडी बांधून दाखविली. ‘बि’ म्हणजे दोन व ‘ट्रि’ म्हणजे तीन; तेव्हां नांवावरून घात ओळखावा, अशी ही सरळ युक्ति होती. या हिशेबानें बिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. शुकेचा ग्रंथ बिचारा १८८० पर्यंत छापला गेला नाहीं. परंतु नांवें पसरलीं. लॉक या तत्त्ववेत्त्यानें १६९० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत सहा सहा अंकांचे गट पाडून हींच नांवें दिलीं आहेत. त्याचें म्हणणें असें कीं, नांवावांचून मोठ्या संख्येची स्पष्ट कल्पना मनांत टिकतच नाहीं. गंमत ही कीं, ज्या नांवांवर त्यानें ही भिस्त ठेवली, त्यांनाच फ्रान्समध्यें त्या शतकांत फांटे फुटत होते. तेथील कांहीं गणिती तीन तीन अंकांचे गट पाडूं लागले आणि हजार मिलियनलाच बिलियन म्हणूं लागले. अमेरिकेनें हा नवा अर्थ उचलला; इंग्लंड जुन्यास चिकटून राहिलें. आमच्या मतें तर्काची बाजू इंग्लंडचीच होती. नव्या अर्थांत ‘बि’चा दोनाशीं कांहीं सरळ संबंध उरत नाहीं. परंतु भाषेंत तर्काचें काय चालतें!

पुढें तर जागांची अदलाबदल झाली. १९६१ सालीं फ्रान्सनें कायद्यानें जुना, लाख कोटींचा अर्थ पुन्हां प्रमाण ठरविला. इकडे इंग्लंडांत २० डिसेंबर १९७४ रोजीं पंतप्रधान विल्सन यांनीं पार्लमेंटांत लेखी उत्तर दिलें कीं, बिलियन म्हणजे हजार मिलियन हाच अर्थ आतां सर्वत्र रूढ आहे व मंत्री तोच वापरतील. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचा आग्रह नेमका उलट होता.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. २० नोव्हेंबर १९२३ रोजीं जर्मनींत एका डॉलरास ४.२ ‘बिलियन’ मार्क पडत होते. आणि जर्मन बिलियन ती जुनी, लाख कोटींची. म्हणजे डॉलरास ४,२०,००० कोटी मार्क! अमेरिकन अर्थानें हाच आंकडा वाचणाऱ्यास ते अवघे ४२० कोटी वाटले असते. आयुष्यभराची पुंजी ज्या संकटांत कागदाच्या मोलाची झाली, त्याचें माप एका शब्दाच्या चुकीनें हजारपट लहान होतें. आणि इतक्या उंचीवर गेलेल्या संख्यांत तें वाचकाच्या डोळ्यांस खुपतहि नाहीं.

इंग्रजांना हंसण्यापूर्वीं आपण आपलें घरहि पाहावें. वाजसनेयी संहितेच्या गणनेंत ‘अर्बुद’ म्हणजे एक कोटी. भास्कराचार्यांच्या लीलावतींत तेंच दहा कोटी. आणि त्याच शब्दापासून आलेला हिंदी ‘अरब’ शंभर कोटींचा. संहितेंतलें परार्ध एकावर बारा शून्यांचें, लीलावतींतलें सतरा शून्यांचें. आमचा खर्व दहा अब्जांचा, तर हिंदीचा ‘खरब’ शंभर अरबांचा. भास्कराचार्यांनीं स्वच्छच सांगितलें आहे कीं, हीं नांवें पूर्वसूरींनीं व्यवहारासाठीं केलीं. परार्धापर्यंत कोणाचा व्यवहार पोंचला असेल, हा प्रश्न निराळा!

तेव्हां मराठी भाषांतरकारानें ‘बिलियन’ दिसतांच ‘अब्ज’ लिहूं नये. आजच्या इंग्रजी मजकुरास अब्ज ठीक आहे. लंडनच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो बहुधा लीलावतींतला महापद्म, म्हणजे लाख कोटी, असतो; त्याच काळच्या न्यूयॉर्कच्या ग्रंथांत तो अब्जच. फ्रेंच व जर्मन मजकुरांत तर आजहि तो महापद्मच आहे. त्या भाषांत आपल्या अब्जाचें नांव ‘मिलियार्ड’.