सोळाशे मीटरचा नित्य सराव

सोळाशे मीटरचा नित्य सराव : ठरावीक अंतर रोज किंवा एकाआड एक दिवस धावून, सरावाचा आराखडा फारसा न बदलता वेळ कमी करत नेण्याची पद्धत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर धावावे लागते. त्यामुळे मराठवाड्यातील भूम, परांडा, वाशी अशा तालुक्यांत तरुणांचा व्यायाम बहुधा याच अंतराभोवती फिरतो. ५० गुणांच्या चाचणीत या धावेला २० गुण असून ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आल्यास ते पूर्ण मिळतात. उरलेले गुण १०० मीटर धाव व गोळाफेक यांचे. ‘टायमिंग बसणे’ (हव्या त्या वेळेत धाव पूर्ण होणे) आणि ‘टायमिंग अडकणे’ (वेळ आणखी कमी न होणे) हे मैदानावरचे रूढ शब्दप्रयोग. पूर्वी धाव ५ किलोमीटरची होती. २०१४ मध्ये मुंबईतील भरतीदरम्यान काही उमेदवार दगावल्यानंतर अंतर कमी करण्यात आले.

शरीरातील बदल : नवख्याची प्रगती पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते. रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकते, स्नायूंतील तंतुकणिका वाढतात. परिणामी त्याच वेगाला नाडी कमी पडते. अडचण येथूनच सुरू होते, कारण जो वेग कालपर्यंत ताण होता तो आता ताण राहत नाही. रॉबर्ट हिक्सन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की सरावाचा भार स्थिर ठेवल्यास कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता काही आठवड्यांत एका पातळीवर थांबते आणि भार वाढवल्यावर पुन्हा चढू लागते. मात्र भार म्हणजे अंतर नव्हे. अंतर तेच ठेवून वेग वाढवला किंवा दोन राउंडमधली विश्रांती घटवली, तरी भार वाढतो. ही क्षमता थांबली म्हणजे प्रगती संपली, असेही नाही. लांब पल्ल्याच्या धावपटू पॉला रॅडक्लिफ यांची क्षमता १९९२ ते २००३ या काळात जवळपास तेवढीच राहिली. सुधारली ती धावण्यातील काटकसर, म्हणजे ठरावीक वेगासाठी लागणारा प्राणवायू कमी झाला. एकच सराव सर्वांना सारखा लागू पडतो का, याबाबत मतभेद आहेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात २० आठवड्यांच्या एकसारख्या कार्यक्रमानंतर काहींची क्षमता भरपूर वाढली, तर काहींची जेमतेम.

बॅनिस्टर यांचा सराव : या पद्धतीचे सर्वाधिक तपशील उपलब्ध असलेले उदाहरण. मैलाचे अंतर (१,६०९ मीटर) भरतीच्या धावेपेक्षा जेमतेम ९ मीटरने अधिक असल्याने ते येथे विस्ताराने दिले आहे. धावपटू रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि सरावासाठी त्यांना दुपारच्या सुट्टीतला थोडाच वेळ मिळे. १९५३–५४ च्या हिवाळ्यात ख्रिस ब्रॅशर व ख्रिस चॅटवे यांच्यासह ते ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या मारत. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती. फेऱ्या, अंतर आणि विश्रांती यांत बदल नव्हता. एका फेरीची सरासरी वेळ तेवढी ६६ सेकंदांवरून एप्रिलपर्यंत ६१ वर आली. पुढे ती हलेना. मार्गदर्शक फ्रान्झ स्टॅम्फ्ल यांच्या देखरेखीखालील या मंडळींनी अडकलेल्या आकड्यावर आणखी घाम गाळला नाही. बॅनिस्टर आणि ब्रॅशर काही दिवस धावणे सोडून स्कॉटलंडमध्ये गिर्यारोहणाला गेले. परतल्यावर तोच सराव ५९ सेकंदांच्या सरासरीने झाला. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर बॅनिस्टर यांनी मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. श्रेय विश्रांतीचे किती आणि आधीच्या महिन्यांचे किती, हे वेगळे काढता येत नाही. भरतीच्या तोंडावर एकही दिवस न चुकवणाऱ्यांनी मात्र ही हकिगत ध्यानात घ्यावी.

मराठवाडा : भूम परिसराच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे हे ३,००० मीटर स्टीपलचेसमधील राष्ट्रीय विक्रमवीर. सैन्यात दाखल झाल्यानंतर ते धावण्याकडे वळले. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती. शर्यत तीच राहून सुमारे २० सेकंद कमी झाले, म्हणून भरतीच्या मुलांना त्यांचा दाखला देता येतो. पण त्यांचे सरावाचे ठिकाण, उंची आणि प्रशिक्षक या काळात बदलत गेले, हेही सांगायला हवे. भूम परिसर बालाघाटाच्या डोंगररांगांत असल्याने रस्त्यावर मोजलेले सोळाशे मीटर सपाट मैदानाच्या तोडीचे असतीलच असे नाही. टायमिंगची तुलना करायची तर जागा, दिशा आणि दिवसाची वेळ तीच हवी.

महिला : अंतर ८०० मीटर, सरावाचे तत्त्व तेच.

ट्रेडमिल व सायकल : प्रस्तुत नोंदीत विचार केलेला नाही.